कपाटात ठेवलेली एसएसडी

गेल्या ईदला सगळी भावंडे घरी जमली, तेव्हा अम्मीने कपाटातून कापडात गुंडाळलेली एसएसडी काढायला सांगितली. बहिणीच्या निकाहाचे व्हिडिओ, जुन्या अल्बममधल्या फोटोंचे स्कॅन आणि अब्बांचे चोवीस मिनिटांचे एक रेकॉर्डिंग, असा ऐवज तिच्यावर होता. अब्बा नोकरी शोधायला पहिल्यांदा मुंबईला आले, त्या दिवसांची हकिगत त्यांच्याच आवाजात आम्ही मोबाइलवर टिपून घेतली होती. अब्बा आता नाहीत.

एसएसडी लॅपटॉपला जोडली. फोल्डर दिसायलाच बराच वेळ लागला. निकाहाचा व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकत होता. तेरा फाइली उघडल्याच नाहीत आणि अब्बांचे रेकॉर्डिंग त्यातच होते.

वस्तू पडली नव्हती, भिजली नव्हती. दीड वर्ष कपाटात निवांत होती. मग झाले काय? ते शोधताना जे समजले ते आधी माहीत असायला हवे होते. बहुतेक घरांत अशी एखादी एसएसडी असतेच, म्हणून हे लिहीत आहोत.

आमची एसएसडी मुळात घरासाठी घेतलेलीच नव्हती. भाईजानच्या दुकानात सीसीटीव्ही बसवला तेव्हा रेकॉर्डिंगच्या संगणकात ती टाकली होती. एसएसडी वेगवान असते, म्हणून ती चांगली, इतकाच आमचा विचार. साडेतीन वर्षांनी तिथे मोठी हार्ड डिस्क आली आणि ‘अजून चांगली चालते की’ म्हणून ही २४० जीबीची एसएसडी घरी आली. चालत होती हे खरेच. पण ती किती झिजली आहे, हे कोणी पाहिले नाही.

हिशेब आम्ही नंतर मांडला. चार कॅमेरे, प्रत्येकाचे सेकंदाला दोन मेगाबिट धरले, तर चारही मिळून सेकंदाला एक मेगाबाइट होतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज सुमारे ८६ जीबी. वर्षाला ३१ टीबीच्या वर. साडेतीन वर्षांत ११० टीबीच्या आसपास लिहून झाले होते. त्या एसएसडीची कंपनीने सांगितलेली मर्यादा होती ८० टीबी. या आकड्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. वॉरंटीच्या काळात एसएसडीवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, ते तो सांगतो. घरच्या लॅपटॉपवर रोज २० जीबी लिहिले गेले, तरी वर्षाला साडेसात टीबीच्या आत राहते, म्हणजे हीच एसएसडी घरात दहा वर्षांहून अधिक पुरली असती.

लिहिल्याने वस्तू झिजते कशी? हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली. चिपमध्ये अतिसूक्ष्म सेल असतात आणि प्रत्येक सेलमध्ये विजेचा किंचित भार कोंडून ठेवलेला असतो. किती भार आहे, त्यावरून माहिती वाचली जाते. नवे लिहायचे तर आधी जुना भार पुसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी भार अडवणारा पातळ थर थोडा कमजोर होतो. पुरेसा कमजोर झाला की भार हळूहळू पाझरू लागतो.

एका सेलमध्ये किती माहिती कोंबली आहे, यावरही टिकाऊपणा ठरतो. टीएलसी प्रकारात एका सेलमध्ये तीन बिट मावतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट आणि सोळा पातळ्या. पातळ्या जितक्या जवळ, तितकी चूक व्हायची शक्यता जास्त. किंमत मात्र कमी, म्हणून बाजारात दोन्ही भरपूर मिळतात. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० इव्होला कंपनी ६०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षांची वॉरंटी देते; ती टीएलसी आहे. त्याच कंपनीच्या १ टीबीच्या ८७० क्यूव्होला, म्हणजे क्यूएलसीला, ३६० टीबीडब्ल्यू आणि तीन वर्षे. खोक्यावर वेगाचे आकडे मात्र जवळजवळ सारखेच.

त्या वेगाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दुकानात आपण तेवढेच विचारतो. एसएसडीचा काही भाग तात्पुरता एका सेलमध्ये एकच बिट लिहितो. हे काम झटपट होते. चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा १ जीबीची फाइल वापरतात. ती या वेगवान भागातच मावते आणि आकडा दणदणीत येतो. खरी परीक्षा मोठी फाइल टाकल्यावर होते. ८७० क्यूव्होच्या १ टीबी प्रकारात हा वेगवान भाग ४२ जीबीपर्यंतचा आहे. तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला ५३० मेगाबाइटवरून ८० वर येतो, आणि हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. निकाहाचे शंभर-दीडशे जीबीचे चित्रीकरण एकदम उतरवायचे असेल तर हा फरक जाणवतो. रोजच्या पत्रव्यवहाराला आणि मुलांच्या अभ्यासाला तो कळणारही नाही. जुना लॅपटॉप एसएसडीने तरतरीत होतो तो या मोठ्या आकड्यांमुळे नव्हे. छोट्या छोट्या विखुरलेल्या फाइली हार्ड डिस्कला फिरून फिरून शोधाव्या लागतात आणि एसएसडीला त्या क्षणात सापडतात, म्हणून. घरासाठी साधी साटा एसएसडीसुद्धा पुरते, असे आमचे मत झाले आहे.

टीबीडब्ल्यू संपला की एसएसडी त्याच दिवशी बंद पडते, असे मात्र नाही. ‘द टेक रिपोर्ट’ने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर अखंड लिहीत राहण्याचा प्रयोग केला. २४० ते २५६ जीबीच्या त्या सहाही एसएसडी ७०० टीबीच्या पुढे गेल्या. त्यातल्या दोन तर २ पेटाबाइट, म्हणजे दोन हजार टीबी ओलांडून गेल्या. हे वाचून आम्हाला वाटले, मग आमची ११० टीबीतच कशी थकली? पण त्या एसएसडी बहुतेक काळ चालू होत्या. त्यावरून कपाटात ठेवलेल्या एसएसडीचे काही ठरवता येत नाही.

कपाटाचा प्रश्न वेगळा आहे, आणि आमची चूक तिथेच झाली. एसएसडीच्या टिकाऊपणासाठी जेडेक या संस्थेचे मानक आहे. घरगुती एसएसडी टीबीडब्ल्यूच्या मर्यादेपर्यंत वापरल्यानंतर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसमध्ये तिने माहिती एक वर्ष सांभाळावी, एवढी त्यात अपेक्षा आहे. उष्णता वाढली की ही मुदत घटते. नव्या, कमी वापरलेल्या एसएसडीत माहिती यापेक्षा बरीच जास्त टिकते. आमची मर्यादा ओलांडून आलेली, आमचे घर वरच्या मजल्यावर, कपाट लोखंडी. मे महिन्यात त्याला हात लावला तर चटका बसतो. अशा खणात ती दीड वर्ष विजेविना पडून होती.

वापर कमी म्हणजे धोका नाही, हेही खरे नाही. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या एसएसडींचा सहा वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर, तसेच गूगलचे राघव लगिसेट्टी आणि आरिफ मर्चंट यांनी तो केला. एसएसडी हार्ड डिस्कच्या मानाने कमी वेळा बदलाव्या लागल्या. पण पहिल्या चार वर्षांत, मॉडेलनुसार, २० ते ६३ टक्के एसएसडींमध्ये दुरुस्त न होणारी चूक निदान एकदा तरी आढळली. शिवाय लिखाणाचे प्रमाण वेगळे काढले, तरी एसएसडीच्या वयाचा परिणाम दिसतच होता. हार्ड डिस्क पुष्कळदा खरखर करून सूचना देते. एसएसडी गप्प असते.

तरी तिची तब्येत पाहता येते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकले की किती तास चालली, एकूण किती लिहिले गेले आणि आयुष्य किती टक्के उरले हे बहुतेक एसएसडींबाबत दिसते. जुनी एसएसडी घेताना विक्रेत्यासमोरच हे पाहावे. त्यात कोणाला राग येण्यासारखे काही नाही. फार स्वस्तात ‘१६ टीबी’ म्हणून मिळणाऱ्या बाहेरून जोडायच्या एसएसडींपासून दूरच राहावे. अशा कित्येक डब्यांत साधे मेमरी कार्ड निघाले आहे. एचटूटेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगते. वेळ लागतो, रात्री लावून ठेवावे. आणि एसएसडी काठोकाठ भरू नये. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली की तिला झीज सगळीकडे सारखी वाटून घेता येते.

आता आमच्या घरी फोटो आणि व्हिडिओ तीन ठिकाणी आहेत. लॅपटॉपच्या नव्या एसएसडीवर, एका साध्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत बहिणीकडे नाशिकला. कपाटात ठेवायला हार्ड डिस्कच घेतली, कारण तिच्यातली माहिती चुंबकीय असते आणि वीज नसली म्हणून अशी पाझरत नाही. तीही दर सहा महिन्यांनी काढून जोडतो आणि दोन-चार फाइली उघडून पाहतो. अम्मी त्या दिवशी शेजारी येऊन बसते.

जुनी एसएसडी दुरुस्तीवाल्याकडे दोन वेळा नेली. तेरापैकी नऊ फाइली निघाल्या. अब्बांचे रेकॉर्डिंग निघाले नाही. त्यातला साडेचार मिनिटांचा तुकडा फुफीच्या मोबाइलवर सापडला. आम्हीच कधीतरी तिला तो पाठवला होता. अब्बा व्हीटी स्टेशनवर उतरतात आणि पत्ता विचारायला एका पानवाल्याकडे जातात, तिथे तो संपतो.