बिट घेण्याआधी घोड्याचं तोंड उघडून बघा

घोडा हाताला जड लागतो, भरधाव सुटला की थांबत नाही, अशी तक्रार केली की तबेल्यात हमखास सल्ला मिळतो, "याला जरा कडक बिट घाला." बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली कांब, हा ब्रेक आहे, हा सगळ्या गैरसमजांचा बाप. चारशे-पाचशे किलोच्या जनावराला बोटभर जाडीच्या कांबेनं अडवता येत नाही. घोडा थांबतो तो शिकवलेला असतो म्हणून. दाब आला की थांबायचं, थांबलं की दाब सुटतो, एवढंच त्याला कळतं. हात सैल सोडायचा राहिला तर घोडा दाबाला सरावतो, आणि दुखायला लागलं तर मान ताठ करून आणखी जोरात पळतो. 'तोंडाचा कडक' म्हणून बदनाम झालेले घोडे बहुधा अशाच हातांखालून आलेले असतात. मांड पक्की नसलेला स्वार तोल सावरायला लगामालाच लोंबकळतो. त्याच्या हातात सौम्य बिटसुद्धा जाचकच.

"जाड कांब म्हणजे मऊ बिट" हेही सर्रास ऐकू येतं. दाब जास्त जागेवर पसरतो हे खरं, पण ती जागा आहे कुठे? पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जो दात नसलेला भाग असतो, तिथे बिट बसतं. ओठ बाजूला करून बघा. तो भाग जिभेनं जवळजवळ भरलेला असतो, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना जबड्याच्या हाडाची कड, वर पातळ त्वचा. वारंवार दाब पडून या हाडावर गाठी येतात. मिटलेल्या तोंडात जीभ आणि टाळू यांच्यात फारच थोडी फट उरते. तिथे 20-22 मि.मी.ची कांब कोंबली तर घोड्याला तोंड नीट मिटताही येत नाही. बहुतेक घोड्यांना 14 ते 18 मि.मी. पुरते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या ड्रेसाज या क्रीडाप्रकाराच्या नियमात स्नॅफलसाठी, म्हणजे दांडे नसलेल्या साध्या बिटासाठी, किमान जाडीची अट आहे, आणि तीही घोड्याच्या भल्यासाठीच.

मधे एकच सांधा असलेलं स्नॅफल लगाम ओढल्यावर टाळूत टोचतं, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं आहे. पशुवैद्यक संशोधक हिलरी क्लेटन यांनी 1984 मध्ये क्ष-किरणांखाली घोड्याच्या तोंडातलं बिट प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा लगाम ताणल्यावर बिट जिभेत रुतत होतं आणि टाळूपासून उलट लांब जात होतं. सोसावं लागतं ते जिभेला.

मापाचं म्हणाल तर दुकानदार पाच इंची बिट पुढे करतो आणि आपण घेतो. त्याआधी एक गुळगुळीत काठी घोड्याच्या तोंडात आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खुणा करा आणि मधलं अंतर मोजा. सुटी कडी असलेल्या बिटाला दोन्ही बाजूंनी साधारण 5 मि.मी. जास्त हवेत, पक्क्या कडीच्या बिटाला त्याहून कमी. आखूड बिट ओठ चिमटतं. लांब बिट तोंडात इकडून तिकडे सरकतं आणि त्याचा सांधा मधे राहत नाही. जुनं बिट घेत असाल तर कडीच्या भोकात बोट फिरवून बघा. तिथली कड झिजून धारदार झालेली असते, मुलामा उडालेला असतो, आणि ओठांच्या कोपऱ्यातली जखम तिथूनच होते.

ओठाच्या कोपऱ्याला दोन सुरकुत्या पडल्या की बिट बसलं, हा नियमही सोडून द्या. मांसल ओठाच्या घोड्याला बिट खाली असतानाही सुरकुत्या दिसतात, पातळ ओठाच्या घोड्याला बरोबर बसूनही कमी दिसतात. कांब सुळ्यांना लागत नाही ना आणि दाढांवर आपटत नाही ना, हे आत बघूनच कळतं. नरांना सुळे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, माद्यांना बहुधा येत नाहीत किंवा अगदी बारीक असतात. अडीच ते पाच वर्षांच्या वयात दुधाचे दात पडून कायमचे येतात, आणि नेमकं याच वयात शिंगरू स्वारीला काढतात. तेव्हा घोडा मान झटकतो, जीभ बिटावर काढतो, एका बाजूला वळत नाही म्हणून चाबूक उचलण्याआधी पशुवैद्याला दात दाखवा. पहिल्या दाढेपुढचा बारीकसा दात किंवा वरच्या दाढांची बाहेरची धार हे नेहमीचं कारण असतं.

पेलम, कर्ब या दांडे असलेल्या बिटांचं गणित वेगळं. कांबेच्या वरचा दांडा 4 सें.मी. आणि खालचा 8 सें.मी. असेल, तर लगामावरच्या एक किलो ओढीनं हनुवटीखालच्या साखळीवर साधारण दोन किलोंचा ताण येतो. नवशिक्याच्या हातात हे देऊच नये. बिटाशिवायची म्होरकी निरुपद्रवी असते, हा मात्र नवा गैरसमज. नाकपुड्यांजवळ हाड पातळ होत जातं, पट्टा तिथे खाली बसला तर इजा होतेच.

काटेरी लगाम, म्हणजे खिळे असलेलं बिट, चांगला नसतो, पण माजलेल्या घोड्याला लागतोच, असं मानणारे अजून आहेत. वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो आजही सापडतो. त्यानं ओठ आणि जीभ फाटते, घोडा आणखी बिथरतो. शिवाय गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1965 च्या केंद्रीय नियमांतल्या आठव्या नियमानं खिळे किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे, मग स्वारी असो वा टांगा. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात किंवा इतर कुठल्याही बाजारात घोड्याबरोबर असा लगाम फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि घरी असेल तर आजच मोडून भंगारात टाका.