दहावा माणूस हजेरीपटावर येतो तेव्हा

भोसरीच्या किंवा इचलकरंजीच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन ‘किती माणसं कामाला?’ असं विचारा, उत्तर बहुतेक वेळा ‘नऊ’ येतं. जेवणाच्या सुट्टीत डबे मोजले तर आकडा निराळा निघतो. त्यातले दोघं ठेकेदाराचे, एक मेव्हण्याचा मुलगा, एक नुसता ‘शिकायला येतो’. नऊवर थांबण्याची ही हातोटी उगाच आलेली नाही. दहावा माणूस आला की ईएसआयसी लागू होते, ग्रॅच्युइटी लागू होते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. विसाव्याबरोबर पीएफ येतो.

पण लपवून वाचतं किती? पंधरा हजार पगाराच्या माणसामागे ईएसआयसीत मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये जातात. कामगाराचा पाऊण टक्का धरला तरी एकूण सहाशेच्या आसपास. त्याच माणसाची बोटं प्रेसखाली गेली, तर उपचार आणि अपंगत्वाचा लाभ महामंडळ पाहतं. नोंद नसेल तर भरपाईचा दावा थेट मालकावर येतो आणि तेव्हा ‘तो ठेकेदाराचा’ हे म्हणणं टिकत नाही, कारण ठेकेदाराची माणसंही मोजणीत धरली जातात.

दुसरी मेख अशी की, कायदा एकदा लागू झाला की माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. दिवाळीच्या ऑर्डरसाठी अकरा जण घेतले आणि नंतर सातच ठेवले, तरी ग्रॅच्युइटी राहतेच. पीएफची गोष्ट त्याहून झोंबणारी. जुनी थकबाकी निघाली, तर कामगाराचा १२ टक्के हिस्सा त्याच्या पुढच्या पगारांतून कापता येत नाही. दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात, व्याज आणि दंड वेगळा.

ग्रॅच्युइटीचं गणित तर बहुतेकांनी कधी मांडलेलंच नसतं. शेवटचा पगार १८ हजार आणि नोकरी अकरा वर्षं असेल, तर १८ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११. हे झाले सुमारे १ लाख १४ हजार, आणि माणसाने स्वतः राजीनामा दिला तरी ते द्यावेच लागतात. मूळ पगार पाच हजार दाखवायचा आणि बाकी भत्ते, ही जुनी युक्तीही आता चालायची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यांत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला तर पाच नव्हे, एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी मिळते.

हे सगळं ‘आमचा कन्सल्टंट बघतो’ असं मालक सांगतात. कन्सल्टंट चलन भरतो, रिटर्न टाकतो, आणि ते काम तो चोख करतोही. पण त्याला माणूस काढल्याचं कळतं ते पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावरून. तोवर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून झालेलं असतं. माझ्या मते लहान मालकाला खरी मदत लागते ती या एका दिवशी, आणि नेमकी तेव्हाच तो कोणाला फोन करत नाही. पुढे प्रकरण कामगार कार्यालयात गेलं की मालक सांगतो, ‘तो स्वतःच यायचा बंद झाला.’ मग प्रश्न येतो: कामावर या, असं पत्र पाठवलंत का? स्पीड पोस्टची एक पावती असती तर बाजू सावरली असती. गैरवर्तन असेल तर आरोपपत्र, त्याचं म्हणणं ऐकून घेणं, मगच निर्णय. रागाच्या भरात यातलं काहीच होत नाही.

नेमणूकपत्राचंही तसंच. नव्या संहितांत ते बंधनकारक आहे, तरी ‘घरचाच माणूस आहे, कागद कशाला’ हे ऐकू येतंच. घरच्या माणसाचाच हिशेब जास्त अडतो, हा अनुभव कुठल्याही बाजारपेठेत विचारून पाहा. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे, आणि तिथे आडवी येते उचल. लग्नासाठी दिलेले चाळीस हजार शेवटच्या पगारातून एकदम वळते करून घेता येत नाहीत. वेतनातली एकूण कपात निम्म्यावर जाऊ शकत नाही. उचलीच्या वहीत तारीख आणि सही नसेल, तर ते पैसे दिले होते हे दाखवायचं कामही मालकाच्याच गळ्यात येतं.