स्वनिर्मित वीज : परवानगीचे नियम आणि वीजदरांची रचना

बीजसंज्ञा : स्वनिर्मित वीज, वीज कायदा 2003, मागणी आकार, अधिभार, नेट मीटरिंग.

प्रस्तावना :

कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय किंवा घर यांनी आपल्याच आवारात स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणे ही आता अपवादात्मक बाब राहिलेली नाही. साखर कारखान्यातील चिपाडावरील सहवीजनिर्मिती, उद्योगांचे डिझेल जनित्र आणि इमारतीच्या छतावरील सौर संच ही तिची परिचित रूपे होत. अशा प्रकल्पाचा विचार करताना 'परवानगी मिळेल काय ?' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. तथापि प्रकल्पाचे यशापयश परवानगीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वीजदरांच्या रचनेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या दोन्ही बाजूंचे विवेचन केले आहे.

1. परवानगीचे बदललेले स्वरूप :

1948 च्या वीज (पुरवठा) कायद्यातील कलम 44 नुसार नवे निर्मिती केंद्र उभारण्यास राज्य वीज मंडळाची संमती आवश्यक होती. म्हणजेच जो विक्रेता, तोच संमती देणारा अशी स्थिती होती. 10 जून 2003 पासून अमलात आलेल्या वीज कायद्याने ती पालटली. कलम 7 नुसार वीजनिर्मितीस परवान्याची गरज उरली नाही आणि कलम 9 ने स्वतःच्या वापरासाठी प्रकल्प उभारण्याचा, तसेच तेथील वीज आपल्या वापराच्या ठिकाणी वाहून नेण्याचा हक्क दिला.

मात्र 'स्वनिर्मित' कोणास म्हणावे, याची कसोटी 2005 च्या वीज नियमांतील नियम 3 ने घातली. त्यानुसार वापरकर्त्यांची मालकी किमान 26 टक्के असावी आणि वर्षभरात निर्माण झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनी स्वतः वापरावी. एखाद्या वर्षी ही अट मोडल्यास त्या वर्षीची संपूर्ण वीज सामान्य निर्मिती कंपनीने पुरविलेली वीज समजली जाते व त्यावरील सवलत जाते.

परवाना नको, याचा अर्थ नियमन नाही असा नव्हे. विद्युत सुरक्षेची तपासणी, जनित्राच्या ध्वनी व धूर यांची मानके आणि जाळ्याशी जोडणीच्या तांत्रिक अटी कायम आहेत. छतावरील सौर संचांबाबत प्रक्रिया बरीच सुलभ झाली आहे. ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाविना स्वीकृत मानला जातो.

2. वीजदरांची रचना :

उच्चदाब ग्राहकाच्या देयकात ढोबळमानाने दोन भाग असतात. वापरलेल्या युनिटवर लागणारा ऊर्जा आकार आणि जाळ्यावरून एका वेळी घेतलेल्या कमाल भारावर लागणारा मागणी आकार. स्वनिर्मिती पहिला भाग कमी करते; दुसरा सहसा तसाच राहतो.

केवळ स्पष्टीकरणार्थ काही आकडे घेऊ. समजा, एका कारखान्याचा मासिक वापर 1,00,000 युनिट व मागणी 300 केव्हीए आहे. ऊर्जा आकार युनिटला 8 रुपये आणि मागणी आकार केव्हीएला 500 रुपये धरल्यास देयक 8,00,000 अधिक 1,50,000, म्हणजे 9,50,000 रुपये होईल. त्याने 200 किलोवॅटचा सौर संच बसविला व त्यातून महिन्याला 24,000 युनिट मिळाली, तर ऊर्जा आकार 6,08,000 रुपये होईल. परंतु महिन्यात एकदा जरी ढगाळ दुपारी पूर्ण भार जाळ्यावर आला, तरी मागणी 300 केव्हीएच नोंदली जाईल. देयक 7,58,000 रुपये होईल. वापर 24 टक्क्यांनी घटला. देयक मात्र सुमारे 20 टक्क्यांनीच. प्रकल्पाचा परतावा काढताना हा फरक दुर्लक्षिला गेल्यास गणित चुकते.

दुसरा घटक वेळेचा. जून 2023 च्या दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवावयाचा आहे. 10 किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 ही त्याची मुदत होती. ज्या वेळी सौर संच वीज देतो, नेमक्या त्याच वेळी जाळ्यावरील वीज स्वस्त. साहजिकच वाचणाऱ्या युनिटचे मोल घटते. याउलट रात्रीही चालणाऱ्या सहवीजनिर्मितीस महाग तासांतील बचतीचा लाभ होतो. पण तो गाळप हंगामापुरता.

3. अधिभाराचा वाद :

प्रकल्प आवाराबाहेर असल्यास वीज जाळ्यावरून आणावी लागते. अशा वीजवहनावर वीजवहन आकार लागतो. परंतु स्वनिर्मित विजेस कलम 42(2) मधील क्रॉस सबसिडी अधिभारातून सूट आहे. कलम 42(4) च्या अतिरिक्त अधिभाराबाबत मात्र वाद झाला. महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात 10 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिभारही स्वनिर्मित वीज वापरणाऱ्यांवर आकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

महावितरणची अडचणही समजून घेतली पाहिजे. उद्योगांकडून पुरवठा खर्चापेक्षा अधिक दर घेऊन कृषिपंप व अल्प वापराचे घरगुती ग्राहक यांचा दर खाली ठेवला जातो. मोठा ग्राहक स्वतःची वीज वापरू लागला की हा आधार क्षीण होतो. तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र कमी होत नाही. तो अखेर उरलेल्या ग्राहकांवर पडतो. त्यांच्यापैकी अनेकांजवळ स्वतःचे छतही नसते.

निष्कर्ष :

2003 नंतर परवानगीचे दार बहुतांशी खुले झाले आहे. खरा निर्णय आता दरपत्रकात होतो. म्हणून प्रकल्प उभारणाऱ्याने सरासरी दराऐवजी मागणी आकार, वेळेनुसार दर व अधिभार हे घटक वेगवेगळे तपासावेत. तसेच दरनिश्चितीच्या वेळी राज्य वीज नियामक आयोगासमोर होणाऱ्या जनसुनावणीत केवळ उद्योगांनी नव्हे, तर सामान्य ग्राहकांनीही आपले म्हणणे मांडणे आवश्यक आहे. जाळ्याचा खर्च ज्याने त्याने आपल्या वापराच्या प्रमाणात उचलावा आणि दुर्बल ग्राहकास द्यावयाचे साहाय्य शक्य तेवढे शासनाच्या अर्थसंकल्पातून थेट यावे, असे झाल्यास स्वनिर्मिती आणि सामाजिक न्याय यांत विरोध उरणार नाही.