गावकी आणि मुंबई मंडळ

मुंबई-गोवा महामार्गाचा आरंभ जेथे होतो त्या पनवेलच्या आसपास, कामोठ्यात किंवा कळंबोलीत, रविवारी एखाद्या शाळेच्या वर्गात वीस-पंचवीस गृहस्थ देवळाच्या छपरावर, पाखाडीच्या दुरुस्तीवर आणि शिमग्यातील पालखीच्या मार्गावर तासन्‌तास खल करताना आढळतात. आणि ज्या वाडीसाठी हा खल चाललेला असतो ती संगमेश्वराकडे किंवा गुहागराकडे, बव्हंशी कुलूपबंद घरांनिशी, उभी असते. ही मुंबई मंडळाची सभा होय.

1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली, पुढे गिरण्यांचा विस्तार झाला, आणि खोतीने गांजलेला कोकणी कुणबी-मराठा तिकडे ओढला गेला. गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत तो राहिला, आणि त्या खोल्यांतूनच ही मंडळे निपजली. खोती 1949 च्या कायद्याने गेली. स्थलांतर मात्र थांबले नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 वर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली.

अशा गावाचा कारभार कायद्याने ग्रामपंचायतीकडे आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये ग्रामसभेस मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांपैकी पुष्कळांची नावे गावच्याच यादीत असल्याने माणसे थोडी आणि मतदार फार, अशी स्थिती होते. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे मूठभरांच्या सह्यांनी ठराव मंजूर होतात. चीनमधील ओस पडणाऱ्या खेड्यांतही, नोंदणी गावी आणि मुक्काम कारखान्याच्या शहरी, हाच पेच ग्रामसमित्यांच्या निवडणुकांपुढे उभा राहिलेला आहे.

गावकीला ही अडचण नाही. गावकर, मानकरी आणि भावकीतील वडीलधारे यांची ती बैठक शिमग्यात किंवा गणपतीत, चाकरमानी आले म्हणजेच भरते. घरटी वर्गणी ठरते, हिशेब वाचला जातो, आणि जो पैसा देतो त्याच्या शब्दाला वजन येते. सरकारी निधीची वाट न पाहता रस्ते, विहिरी आणि शाळांच्या इमारती या वर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे. पण तिचा दुसरा हात कठोर आहे. वहिवाट मोडणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड जिल्ह्यात इतके गाजले की, राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो 2017 च्या जुलैपासून अमलात आला.

मला मात्र याहून निराळीच गोष्ट खटकते. वर्षाचे बारा महिने गाव राखतात त्या मुख्यतः स्त्रिया. नळयोजना बंद पडली की त्याच पाण्यासाठी पायपीट करतात, भातखाचरे त्याच सांभाळतात. पंचायतीत त्यांना निम्म्या जागा आहेत. गावकीच्या बैठकीत त्या बहुधा चहा देण्यापुरत्या येतात, आणि मंडळाच्या पनवेलकडील सभेत तर तेवढ्याही दिसत नाहीत. ग्रामसभा गणेशोत्सवाच्या सुट्टीतही बोलावता येते. तशी बोलावून वर्गणीचा हिशेब सरपंचाच्या मेजावर ठेवावा आणि पाण्याच्या कामाचा क्रम राहणाऱ्या स्त्रियांकडून ठरवून घ्यावा, असे एखाद्या मंडळाने सुचविले तर गावकर मंडळी प्रथम नाके मुरडतील; पण पुढच्या वर्षीची वर्गणी याच मंडळाकडून यायची असल्याने त्यांना ऐकावेही लागेल.