बारा पोरांचा भागाकार

आषाढात अंदर मावळातल्या एका वाडीच्या शाळेत मी दोन तास अडकून पडलो. खालच्या ओढ्याला पाणी आलं होतं आणि जीप पलीकडेच थांबली होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की गुरुजींचा आवाज दुसऱ्या ओळीतल्या पोरांपर्यंत पोचेना. शेवटी त्यांनी फळ्यावर गणितं लिहून दिली आणि ते माझ्याजवळ येऊन बसले. पट बारा. पहिली ते चौथी एकाच खोलीत. शिक्षक दोन, त्यातले एक त्या दिवशी केंद्राच्या बैठकीला गेलेले.

बोलता बोलता पैशाचा विषय निघाला, तशी गुरुजींनी खर्चाची वही पुढे केली. संयुक्त शाळा अनुदान, वर्षाचे १०,००० रुपये. खाली नोंदी: खडू, झाडू, फिनेल, वीजबिल, झेरॉक्स, कामशेतहून आणलेलं नळाचं सामान, पत्र्याच्या भोकांना लावायचं डांबर. "बारानं भागा," ते म्हणाले. माणशी ८३३ रुपये आले. "आता आमच्या दोघांचा पगार धरा आणि पुन्हा भागा." दोघांचीही नोकरी वीस वर्षांच्या पुढची. प्रत्येकी महिना ७०,००० धरले तर वर्षाचे १६ लाख ८० हजार होतात. त्याला बारानं भागलं की एका पोरामागे एक लाख चाळीस हजार.

ह्या आकड्याकडे आम्ही दोघंही बघत राहिलो. एका पोरावर लाख-दीड लाख खर्च होतो असं ऐकलं की माणूस म्हणतो, एवढ्या पैशात पोरं चांगल्या खासगी शाळेत घालता येतील. वाडीवस्तीवरच्या शाळा बंद करा म्हणणाऱ्यांच्या हातात हाच आकडा असतो. म्हणून तो नीट उलगडून पाहिला पाहिजे.

समजा, पुढच्या जूनला हे दोन्ही शिक्षक बदलून गेले आणि त्यांच्या जागी दोन शिक्षणसेवक आले. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १६,००० मानधन आहे. दोघांचे वर्षाचे ३ लाख ८४ हजार, माणशी ३२,०००. शाळा तीच, पोरं तीच, पत्रा तोच गळका, आणि खर्च मात्र चौथ्या हिश्शाच्याही खाली. म्हणजे हा आकडा पोराला काय मिळतं ते सांगत नाही. गुरुजींच्या नोकरीला किती वर्षं झाली आणि वाडीत किती घरं आहेत, एवढंच तो सांगतो.

आता डोंगर उतरून लोणावळ्याला या. शहरातल्या तीनशे पटाच्या शाळेत तीस पोरांमागे एक शिक्षक धरला आणि पगार तोच ७०,००० धरला, तर पोरामागे २८,००० येतात. कागदावर वाडीतलं पोर शहरातल्या पोराच्या पाचपट श्रीमंत. प्रत्यक्षात शहरातल्या पोराला प्रत्येक इयत्तेला वेगळे बाई-गुरुजी मिळतात. वाडीतल्या दुसरीच्या पोरानं चौथीचा पाठ संपेपर्यंत गिरवत बसायचं. शिक्षणहक्क कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. पट बारा असो की साठ, शिक्षक दोनच. भाजक पाचपट वाढतो, भाज्य जागचा हलत नाही.

अनुदानाचे टप्पेही असेच. समग्र शिक्षा योजनेत तीस पटापर्यंत १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. शंभर पोरांच्या शाळेत माणशी २५० रुपये पडतात. एक पोर वाढलं, १०१ झाली, की माणशी ४९५. हजार पोरांच्या शाळेत ७५. पण शाळेच्या गरजा काही पोरं मोजून येत नाहीत. मावळातल्या पावसाला पत्र्याखाली बारा बसलेत की शंभर, हे कळत नाही.

मग पोराच्या हातात नेमकं काय पडतं? दोन गणवेशांचे वर्षाला ६०० रुपये, पाठ्यपुस्तकांचे प्राथमिकला २५०, बूट-मोज्यांचे १७०. दुपारच्या जेवणाला तांदळाशिवायच्या सामानासाठी मे २०२५ पासून रोज ६ रुपये ७८ पैसे. दोनशे दिवसांचे धरले तर १,३५६. अनुदानाचा वाटा ८३३. सगळं मिळून ३,२०९ रुपये. डाळ, तेल, मीठ-मसाला आणि भाजी ह्या पावणेसात रुपयांत बसवायची. भाजीचे पैसे हातात येईपर्यंत ते गुरुजींच्या खिशातून जातात, हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी वहीतला एक रकाना कशाचा म्हणून विचारलं, तेव्हा कळलं.

पगाराच्या एक लाख चाळीस हजारांपुढे तीन हजार दोनशे नऊ. शिक्षकाचा पगार पोरावरचा खर्चच आहे, यात मला शंका नाही. चांगला शिक्षक हीच शाळेतली सर्वांत मोलाची गोष्ट. पण दोन आकडे एकत्र मिसळले की खालचा दिसेनासा होतो, आणि भांडायची गरज आहे ती खालच्यासाठी.

शासनाचा स्वतःचा एक आकडाही आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत पंचवीस टक्के जागांवर जी मुलं जातात, त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकार करतं. कायदा म्हणतो, सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जेवढं खर्चतं तेवढं, किंवा शाळेची खरी फी, यात जे कमी असेल ते द्यायचं. महाराष्ट्रानं ही रक्कम १७,६७० रुपये ठरवली, कोविडच्या काळात ८,००० वर आणली आणि नंतर पुन्हा १७,६७० केली. त्या मधल्या काळात सरकारी शाळेतल्या शिक्षकांचे पगार काही निम्मे झाले नव्हते. राज्यभरासाठी एकच आकडा धरला की त्यात लोणावळाही मावतो आणि अंदर मावळातलं सावळा-खांडीही, आणि दोन्हीकडचं खरं चित्र त्यात कुठेच नसतं.

दरडोई खर्चाची तुलना पुण्याला नवी नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांनी देशोदेशींचा हिशेब मांडला होता. प्राथमिक शिक्षणावर माणशी खर्च अमेरिकेत १६ शिलिंग, इंग्लंडात १०, रशियात साडेसात पेन्स आणि हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. त्या वेळच्या दरानं एक आणा. मुंबई इलाख्यातला शेतकरी तेव्हा जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकलफंडाचा कर भरत होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. रयतेचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितलं होतं. गोखल्यांचं विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

गोखल्यांच्या हिशेबातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी पटावरच्या मुलांनी भागलं नाही, सगळ्या लोकसंख्येनं भागलं. त्यामुळे शाळेत न आलेलं मूलही भाजकात मोजलं गेलं. आपण पटानं भागतो. दिवाळीनंतर मावळातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही त्यांच्याबरोबर जातात. नाव पटावर राहतं आणि पोर भट्टीवर. आणि पटावरून नाव गेलं, तर पोरामागचा खर्च वाढलेला दिसतो, जणू शाळा श्रीमंत झाली.

अमेरिकेत ही विषमता उलट्या बाजूनं येते. तिथे शाळेचा मोठा खर्च त्या त्या भागातल्या घरपट्टीवर चालत आला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या एजवूड ह्या गरीब भागात मुलामागे ३५६ डॉलर आणि तिथल्याच अलामो हाइट्समध्ये ५९४, असा वाद थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७३ साली पालक हरले. आपल्याकडे वाडीतल्या गुरुजींचा पगार वाडीच्या घरपट्टीवर अवलंबून नाही, तो राज्याच्या तिजोरीतून येतो. ही आपल्या व्यवस्थेतली खरोखर न्यायाची गोष्ट आहे आणि ती जपली पाहिजे.

तरी पैशाला उतार असतोच. ग्रामीण भागात जमिनीचा व्यवहार झाला की मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार बसतो आणि तो जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींच्या वाट्याला येतो. पवना धरणाच्या काठी बंगल्यांसाठी प्लॉट विकले जातात, तिथल्या ग्रामपंचायतीला शाळेच्या खोलीला फरशी बसवता येते. जिथे जमीन विकायलाच कुणी येत नाही, तिथे हा झरा कोरडा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधीही तसाच, डांबरी रस्त्याच्या कडेच्या शाळेत आधी पोचतो. तळेगाव एमआयडीसीच्या आसपास रंगवलेल्या भिंती आणि संगणक कक्ष दिसतात, त्याचा मला आनंदच आहे. फक्त ओढ्यापलीकडे कुणी येत नाही.

२०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं सरकारी मोजणीत आलं. मुलं १ लाख ८५ हजार, शिक्षक २९,७०७. त्यांच्या जागी समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढे आला. पुणे जिल्ह्यातच पानशेतला तसा प्रयोग झाला आहे आणि मोठ्या शाळेत मुलांना सोबती, खेळ, इयत्तेला शिक्षक मिळतात, हे खरं आहे. पण बचतीचं गणित करून पाहावं. बारा पटाची शाळा बंद झाली की दोन शिक्षकांचा पगार वाचत नाही, ते दुसऱ्या शाळेवर जातात आणि पगार त्यांच्याबरोबर जातो. वाचतात ते अनुदानाचे १० हजार. उलट लांबून येणाऱ्या मुलाच्या प्रवासाला वर्षाला ६ हजारांपर्यंत तरतूद आहे, बारा जणांचे ७२ हजार होतील. पुढे कधी भरतीत दोन जागा कमी होतील, तेवढीच काय ती बचत. आणि जीप जून ते सप्टेंबर ओढ्यापलीकडेच थांबेल.

पाऊस थोडा ओसरला तशी पोरं पाट्या घेऊन गुरुजींभोवती जमली. चौथीतल्या एका ठाकरवाडीच्या मुलीनं आमचं बोलणं ऐकलं असावं. तिनं पाटीवर १०,००० भागिले १२ मांडलं होतं. ८३३ आले आणि खाली ४ उरले. "गुरुजी, हे चार कुणाचे?" तिनं विचारलं.

त्यांनी पाटी हातात घेतली, बरोबरची खूण केली आणि मला हळूच सांगितलं की पाचवीला हिला खालच्या गावात जावं लागेल, पावसाळाभर तिथे मामाकडे राहायचं ठरतंय, पण बापानं अजून हो म्हटलेलं नाही.