एक उमेदवार, दोन खटके

१९६० सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. न्यूयॉर्क राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या ओळीत रिचर्ड निक्सन यांना पडली साधारण ३४ लाख ४६ हजार मतं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओळीत जॉन केनेडी यांना ३४ लाख २४ हजार. म्हणजे निक्सन जिंकले ना? छे! न्यूयॉर्क मारलं केनेडींनी, तेही पावणेचार लाखांहून जास्त मतांनी.

ही मतं आली कुठून? नीट बघा, मतदान यंत्रावर केनेडींचं नाव दोनदा होतं. एकदा डेमोक्रॅटिक ओळीत आणि एकदा ‘लिबरल’ नावाच्या छोट्या पक्षाच्या ओळीत. कुठलाही एक खटका ओढा, मत केनेडींनाच. लिबरल ओळीतून आलेल्या ४ लाख ६ हजार मतांनी पारडं फिरवलं. वीस वर्षांनी रोनाल्ड रेगन यांचं तिथे हेच झालं, फक्त या वेळी मदतीला कन्झर्व्हेटिव्ह पक्षाची ओळ होती.

यातली खुबी लक्षात आली? ‘माणूस हवा, पण त्याचा पक्ष नको’ हे मतदार ओळ निवडूनच सांगू शकतो. आपल्याकडे युतीतला छोटा पक्ष कधी मोठ्याच्या चिन्हावर लढतो. मग त्यातली त्याची मतं किती, यावर निकालानंतर नुसत्या गप्पा! न्यूयॉर्कमध्ये तो हिशेब छापील असतो.

मग ही सोय अमेरिकेत आज मोजक्याच राज्यांत का? त्यासाठी छापखान्यात शिरावं लागेल.

१८८०च्या दशकापर्यंत तिथे सरकार मतपत्रिका छापतच नसे. पक्ष आपापल्या छापत, कित्येकदा रंगीत कागदावर. तुम्ही पेटीकडे निघालात की कोपऱ्यावरच्या दादालाही कळे, मत कुणाला चाललंय ते. पण दोन पक्षांना एकच उमेदवार आवडला तर? दोघांनी त्याचं नाव आपापल्या कागदावर छापायचं. कुणाची परवानगी नको.

मग ऑस्ट्रेलियाची पद्धत आली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती उचलली आणि हळूहळू सगळीकडे सरकारच सर्वांची नावं एका कागदावर छापू लागलं. मत गुप्त झालं, फार चांगलं झालं. पण कागद सरकारचा झाला, तसे नियमही सरकारचे झाले! तेव्हा शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष डेमोक्रॅट्सशी हातमिळवणी करून रिपब्लिकनांना घाम फोडत होता. १८९६ मध्ये दोघांनी मिळून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना अध्यक्षपदासाठी उभं केलं, उपाध्यक्षपदाला मात्र प्रत्येकाचा वेगळा माणूस! (नवरदेव एक, करवले दोन.) अशा हातमिळवण्या मोडायला राज्याराज्यांत कायदे झाले : एका माणसाचं नाव कागदावर एकदाच. साउथ डकोटात १८९३ मध्ये, मिनेसोटात १९०१ मध्ये.

न्यूयॉर्क सुटलं कसं? तिथेही असा कायदा झाला होता. पण १९११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

मिनेसोटाचं प्रकरण पेटायला १९९४ उजाडलं. अँडी डॉकिन्स नावाच्या आमदाराला ‘न्यू पार्टी’नेही उमेदवारी दिली. त्यांची स्वतःची हरकत नाही, त्यांच्या पक्षाची नाही. तरी निवडणूक अधिकाऱ्यांनी उमेदवारीचा कागद परत केला. छोटा पक्ष कोर्टात गेला, अपील जिंकला, आणि १९९७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन असा हरला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचं म्हणणं, मतपत्रिका मुख्यतः उमेदवार निवडायला असते, मतप्रदर्शनाला नव्हे. त्यांना धास्ती होती ती वेगळीच. उद्या कुणी ‘नवे कर नकोत’ नावाचा पक्ष काढेल आणि मतपत्रिकेचा जाहिरातफलक होईल! न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना हे पटलं नाही. मला विचाराल तर मलाही नाही. न्यूयॉर्कची मतपत्रिका जरा गजबजलेली असते खरी, पण लोक तिच्यातून वाट काढतातच की.

वाद अजून धुमसतो आहे. न्यू जर्सीत ‘मॉडरेट’ पक्षाने २०२२ मध्ये एका डेमोक्रॅट उमेदवाराला आपल्याही ओळीत मागितलं. २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली.

आणि डॉकिन्स यांच्या पक्षाचं पूर्ण नाव सांगायचं राहिलं. ‘डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर’. मिनेसोटात एक नाव दोन ओळींत बसत नाही, पण १९४४ मध्ये डेमोक्रॅट आणि फार्मर-लेबर हे दोन अख्खे पक्ष एका ओळीत जाऊन बसले, ते आजतागायत तिथेच आहेत.