यात्रेचे आगाऊ पैसे आणि रांगेतला शेवटचा माणूस

कापसाचा वेचा संपत आला, ओली मिरची नंदुरबारच्या बाजारात जाऊन चार पैसे हाती आले, की आपल्याकडे घरोघरी एक विषय हटकून निघतो. म्हातारा-म्हातारीला एकदा काशी दाखवायची. कोणाच्या मनात चारधाम असते, कोणाच्या रामेश्वर, तर कोणी हजसाठी वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकलेले असतात. काशी करून आले की तापीकाठी प्रकाशाला जाऊन यायचे, म्हणजे यात्रा पुरी झाली, ही या भागातली जुनी समजूत. अशा वेळी यात्रा कंपनीचा माणूस गावात येतो, रंगीत कागद वाटतो आणि सांगतो, "सगळे पैसे आत्ताच भरले तर माणशी सूट." वाचकहो, आज या आगाऊ पैशाविषयीच बोलायचे आहे.

आपली समजूत अशी असते, की आपण तिकिटाचे पैसे भरले; म्हणजे ते आपल्या नावाने कुठेतरी राखून ठेवले असतील. तसे नसते. ते कंपनीच्या गल्ल्यात जातात. त्यातून मागच्या हंगामातल्या हॉटेलवाल्याची बाकी फिटते, जागेचे भाडे जाते, कर्जाचा हप्ताही जातो. तुमची यात्रा निघेल तेव्हा पुढच्या यात्रेकरूंच्या पैशातून तुमचा खर्च भागायचा. ऊसतोडीच्या उचलीचा व्यवहार आपल्याला ठाऊक आहे. इथे उचल देणारे तुम्ही, आणि घेणारी कंपनी. शिवाय तारण काही नाही, व्याजही नाही. चाक फिरते आहे तोवर कोणाला काही कळत नाही. ते थांबले, की ज्यांचे पैसे भरून झाले आणि प्रवास व्हायचा राहिला, तेवढेच नेमके सापडतात.

कंपनी मोठी आणि जुनी असली म्हणजे भीती नाही, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या कॉक्स अँड किंग्जची गोष्ट त्यांनी ऐकावी. या कंपनीचे मूळ १७५८ सालचे. मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत पोचली ते साल! इतकी जुनी पेढी, देशोदेशी सहली नेणारी. जून २०१९ मध्ये तिला आपली देणी फेडता येईनात, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे गेले. सहली रद्द झाल्या, लोकांनी भरलेले पैसे अडकले. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला. विमान कंपन्यांचेही तेच. जेट एअरवेजचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला थांबले, आणि ती कंपनी मोडीत काढण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला ७ नोव्हेंबर २०२४ ला. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणे बंद पडली. उन्हाळी सुटीची तिकिटे लोकांच्या हातात तशीच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये तिच्याही अवसायनाचा आदेश निघाला.

अवसायन हा शब्द आपल्याला नवा नाही. बुडालेल्या पतसंस्थांमुळे आणि आजारी साखर कारखान्यांमुळे तो गावागावांत पोचला आहे. कंपनी अवसायनात गेली, की तिची मालमत्ता विकून देणेकऱ्यांची बाकी भागवली जाते. पण सगळ्यांची एकदम नव्हे. २०१६ च्या कायद्याने रांग ठरवून दिली आहे. आधी या सगळ्या कामाचाच खर्च. मग तारण घेतलेल्या बँका, आणि त्यांच्या जोडीला कामगारांची दोन वर्षांपर्यंतची थकबाकी. मग इतर नोकरांचा एक वर्षापर्यंतचा पगार. मग बिनतारणी कर्ज देणारे. मग सरकारी देणी. या सगळ्यांच्या मागे 'उरलेली देणी', आणि आपल्या यात्रेकरूचा पैसा बहुतेक करून त्या ढिगात पडतो. त्याच्या मागे फक्त कंपनीचे भागीदार. कालव्याच्या शेपटाला ज्याचे शेत आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इंग्लंडात यावर एक तोड काढलेली आहे. विमानाने सहली नेणाऱ्या कंपनीला तिथे परवाना लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात. २३ सप्टेंबर २०१९ ला तिथली थॉमस कुक कंपनी बुडाली, तेव्हा परदेशात अडकलेले सुमारे दीड लाख लोक घरी आणले गेले. (आपल्याकडची त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची आहे, तिचा या बुडण्याशी संबंध नाही.) आपल्याकडे असा निधी नाही. म्हणून काळजी आपली आपण घ्यायची.

सर्वांत सोपी वाट म्हणजे पैसा शक्य तेवढा थेट पोचवणे. ताप्ती गंगा एक्स्प्रेस नंदुरबारला थांबते आणि वाराणसीला जाते. ते तिकीट स्वतःच काढा, आणि तिथली व्यवस्था तेवढी दुसऱ्यावर सोपवा. गावची मंडळी मिळून जायचे असेल तर एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळते. रेल्वेच्या भारत गौरव यात्रा गाड्याही आहेत. हजला हज कमिटीमार्फत जाणे निराळे आणि खासगी गटातून जाणे निराळे. खासगी गट असेल तर अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत त्याचे नाव आहे की नाही, हे पैसे देण्याआधी पाहावे.

यात्रा कंपनीशिवाय गत्यंतर नसेल, तर थोडी रक्कम देऊन नाव नोंदवा आणि बाकीची टप्प्याने द्या. मोठा हप्ता तिकिटे तुमच्या नावाने हातात पडल्यावर. रेल्वे तिकिटाचा पीएनआर क्रमांक १३९ ला फोन करून तपासता येतो. शाळेत जाणारी नातसुद्धा ते करून देईल. सगळे आधी भरण्यासाठी मोठी सूट देणाऱ्याला पैशाची एवढी निकड का, हा प्रश्न मनात यायला हवा. पावती कंपनीच्या नावाची, शिक्क्याची घ्या. पैसे कोणाच्या खासगी खात्यावर टाकू नका.

यात्रा नेणारा पुष्कळदा आपल्यातलाच असतो, कीर्तनकार किंवा नात्यातला. त्याच्याकडे पावती मागायची लाज वाटते. पण त्याचाही पैसा पुढे कोणा मोठ्या कंपनीकडे गेलेला असतो. ती बसली तर तोही बुडतो, आणि मग कागद नसल्यामुळे दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. बाया या बाबतीत धीट असतात असा माझा अनुभव आहे. बचत गटाच्या वहीत दहा रुपयांचीही नोंद ठेवणारी बाई यात्रेच्या पैशाचा कागद मागायला कचरत नाही.

आणि एवढे करूनही कंपनी बुडालीच तर? क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील तर ताबडतोब आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या. मिळाली नाही त्या सेवेचे पैसे परत मागण्याची सोय कार्डाला असते. रोख रकमेला ती नाही. कंपनी न्यायाधिकरणात गेली, की नेमलेला अधिकारी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतो, त्यातले एक आपल्या भाषेतले असते. दावा दाखल करायला साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. रांगेत शेवटी असलो तरी नाव रांगेत असावे लागते. पुढे जे काही वाटले जाईल ते दावा केलेल्यांनाच.

कंपनी चालू आहे पण पैसे देत नाही, अशी स्थिती असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या कंपनीविरुद्धही धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मुंबईला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण एकदा कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, की असे वसुलीचे दावे थांबतात, म्हणून टाळाटाळीची पहिली दोन-तीन उत्तरे मिळाली की लगेच हालचाल करावी. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. फोन करताना पावती, रंगीत कागद आणि बँकेचे पासबुक जवळ घेऊन बसा.